दुखणारे पोट आणि यंत्राचे चित्र

(कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



पोटाचा प्रश्न कार्यकर्त्यांना नवा नाही. तथापि आजचा विषय भुकेल्या पोटाचा नसून दुखणाऱ्या पोटाचा आहे. आणि तोही एकाएकी, तीव्रतेने दुखू लागलेल्या पोटाचा. अशा पोटदुखीचे निदान करताना यंत्राने काढलेले चित्र किती उपयोगी पडते, ते केव्हा फसवते, आणि फसवते तेव्हा त्याची किंमत कोण मोजतो, हे समजून घेणे डॉक्टरांइतकेच कार्यकर्त्यांनाही अगत्याचे आहे. कारण खेड्यातील रुग्णाबरोबर रुग्णालयाच्या बाकावर रात्र काढणारा माणूस पुष्कळदा कार्यकर्ताच असतो.

दृश्य परिचयाचे आहे. पहाटे पोटात कळ उठलेला शेतमजूर दुपारी तालुक्याच्या गावी पोहोचतो. केसपेपर निघतो, दोन मिनिटांत चिठ्ठी लिहिली जाते, आणि त्याला सोनोग्राफीच्या केंद्राकडे धाडले जाते. चिठ्ठीवर ‘पोटदुखी’ एवढाच शब्द असतो. तेथे रांग असते. संध्याकाळी हाती येणाऱ्या कागदावर ‘विशेष दोष आढळला नाही’ असे लिहिलेले असते. नातेवाइकांच्या चेहऱ्यावर समाधान दिसते, डॉक्टर गोळ्या लिहून देतात, आणि रुग्ण एस.टी.ने परत जातो. या साऱ्या प्रवासात त्याच्या पोटावर कोणी नीट हात ठेवला काय, दुखणे कोठे सुरू झाले आणि कोठे सरकले हे कोणी विचारले काय, या प्रश्नांचे उत्तर बहुधा नकारार्थी मिळते. तिसऱ्या दिवशी तोच माणूस फुगलेले पोट, कोरडी जीभ आणि धावती नाडी घेऊन परत येतो, तेव्हा सर्वजण त्या कागदाला दोष देतात. वस्तुतः कागदाने जे पाहिले तेच सांगितले होते. त्याला प्रश्नच विचारला गेला नव्हता.

यंत्राचा द्वेष करण्याचे येथे काहीच कारण नाही. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या सी.टी. यंत्राने १९७१ साली पहिल्या रुग्णाचे चित्र घेतले आणि १९७९ साली त्यांना व ॲलन कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तो गौरव सार्थच होता. शल्यविशारद पूर्वी शंभर माणसांची आंत्रपुच्छे, म्हणजे अपेंडिक्स, काढीत, तेव्हा त्यांतली पंधरा-वीस निरोगी निघणे क्षम्य मानले जाई. चित्रांच्या साहाय्याने हे प्रमाण पुष्कळ खाली आले आहे. यंत्र शहाणे की डॉक्टर शहाणा, हा वाद त्यामुळे व्यर्थ आहे. विचारणे, तपासणे आणि पुन्हा तपासणे ही कामे सोडून देऊन त्यांच्या जागी चित्र बसविले, म्हणजे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम पोटाची स्वतःची भाषा कशी असते ते पाहू. आतड्यांना दुखते तेव्हा ती जागा नेमकी दाखवीत नाहीत. वेदना मोघम, मध्यरेषेवर जाणवते. पोटाच्या आतल्या बाजूचे जे अस्तर, म्हणजे उदरावरण, त्याला मात्र जागेचे नेमके ज्ञान असते. म्हणून आंत्रपुच्छाचा दाह सुरू होतो तेव्हा दुखणे बेंबीभोवती उठते. भूक मरते, एखादी उलटी होते. आणि काही तासांनी दाह अस्तराला भिडला की दुखणे उजव्या बाजूला खाली येऊन स्थिरावते. आधी दुखणे, मग मळमळ, मग दाबल्यावर होणारी वेदना, मग ताप, असा हा क्रम आहे. तो रुग्णाच्या तोंडूनच कळतो. कोणत्याही चित्रात क्रम उमटत नाही; चित्र एका क्षणाचे असते.

रुग्ण कसा पडून आहे, हेही बोलके असते. मूतखड्याची कळ आलेला माणूस तळमळतो, कुशी बदलतो, उठून फेऱ्या घालतो. पोटात पू किंवा जठरातील आम्ल पसरलेला माणूस मात्र निश्चल पडून राहतो, कारण हलले की अस्तर घासते. गाडी खड्ड्यातून जाताना पोटात कळ उठली काय, खोकल्यावर कोठे दुखले, या साध्या प्रश्नांना मोठा अर्थ आहे. जठराचा किंवा लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाचा व्रण फुटतो तेव्हा सुरी खुपसल्यासारखी वेदना होते आणि पोट फळीसारखे कठीण होते. काही तासांनी आतील आम्ल पातळ होऊन दुखणे कमी झाल्यासारखे वाटते. हा उतार फसवा असतो. ‘आता बरे वाटते’ म्हणून घरी नेलेला असा रुग्ण दुसऱ्या दिवशी हाती लागत नाही.

हे ज्ञान शंभराहून अधिक वर्षांचे आहे. अमेरिकेत रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ साली उजव्या बाजूच्या या जीवघेण्या दाहाचे मूळ आंत्रपुच्छात आहे असे दाखवून दिले. चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ साली दुखरी जागा बोटाच्या टोकाने दाखविता येते असे नोंदविले. राँटगेन यांना क्ष-किरण सापडले ते त्यानंतर, १८९५ साली. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी ठरला होता. त्याच्या पोटात आंत्रपुच्छाचा गळू झाला. राजा समारंभ पुढे ढकलण्यास राजी नव्हता. फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी २४ जून रोजी राजवाड्यातच शस्त्रक्रिया करून पू काढला आणि राजा वाचला. त्या निदानामागे एकही चित्र नव्हते. होती ती वैद्यांनी पुनःपुन्हा केलेली तपासणी. जे राजाला मिळाले ते शेतमजुराला मिळण्यासाठी यंत्र लागत नाही. कोणीतरी त्याच्या खाटेपाशी दोनदा येण्याची गरज असते.

लंडनचे शल्यविशारद झॅकरी कोप यांनी १९२१ साली तीव्र उदरशूळाच्या लवकर निदानावर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्याच्या आवृत्त्या पुढे अनेक पिढ्या वाचीत आल्या. त्यातला एक नियम आजही ध्यानात ठेवण्याजोगा आहे: एरवी धडधाकट असलेल्या माणसाचे पोट सहा तासांहून अधिक काळ तीव्रपणे दुखत राहिले, तर ते दुखणे बहुधा शस्त्रक्रियेच्या प्रांतातले असते असे धरून चालावे. हा नियम खेड्यातील कोणताही कार्यकर्ता घड्याळ पाहून पाळू शकतो.

आता चित्र कसे फसवते ते पाहू. त्याचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार खोट्या दिलाशाचा. व्रण फुटून हवा पोटात सुटली म्हणजे उभ्याने काढलेल्या छातीच्या क्ष-किरण चित्रात ती श्वासपटलाखाली दिसते. पण अशा रुग्णांपैकी शंभरांत वीस ते तीस जणांत ती दिसत नाही. हवा दिसली तर निदान झाले; न दिसली तर काहीच सिद्ध झाले नाही. सोनोग्राफीत आंत्रपुच्छ सापडलेच नाही, तर ‘दाह नाही’ असे म्हणता येत नाही. ‘दिसले नाही’ एवढेच म्हणता येते. ते आतड्याच्या मागे दडलेले असेल, पोट वायूने भरलेले असेल, रुग्ण लठ्ठ असेल, किंवा तपासणाऱ्याचा हात नवखा असेल. परंतु ‘दिसले नाही’ हे शब्द दवाखान्यातून घरापर्यंत येता येता ‘काही नाही’ असे होऊन जातात.

दुसरा प्रकार निरपराधाला दोषी ठरविण्याचा. पित्ताशयात खडे असलेली पुष्कळ माणसे जन्मभर कसलीही तक्रार न करता जगतात. मूत्रपिंडात बारीक खडा असणे, बीजकोशावर लहानशी पाण्याची गाठ असणे, हेही सर्रास आढळते. पोट दुखत असताना चित्र काढले आणि असे काही दिसले, की सारा दोष त्याच्या माथी जातो आणि शोध थांबतो. उजव्या कुशीत खडा दिसला म्हणून मूतखड्याची औषधे सुरू होतात, आणि शेजारी आंत्रपुच्छ फुटत असते. वरच्या पोटात दुखत असलेल्या मधुमेही माणसाच्या पित्ताशयात खडे दिसतात, आणि हृदयाच्या खालच्या भागाला आलेला झटका कोणाच्या ध्यानातच येत नाही. कारण हृदयाचा आलेख काढावा असे कोणाला सुचलेलेच नसते.

हा दुसरा प्रकार तीव्र दुखण्यापुरताच मर्यादित नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ओटीपोट दुखते, अंगावर जाते, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या तरुण स्त्रियांना गाठीची व कर्करोगाची भीती घालून त्यांचे गर्भाशय काढले गेल्याच्या कहाण्या त्या वेळी पुढे आल्या. पडद्यावरील छायेकडे बोट दाखविणारा माणूस सुशिक्षित आणि पाहणारी बाई निरक्षर असते, तेव्हा त्या छायेला केवढी सत्ता प्राप्त होते, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले. चित्र निरुपद्रवी होते; त्याचा वापर निरुपद्रवी नव्हता.

तिसरा प्रकार वेळेचा. आतड्याचा रक्तपुरवठा गुठळीने तुटला तर रुग्ण वेदनेने कासावीस होतो, आणि पोट मात्र हाताला मऊ लागते. साधे क्ष-किरण चित्र व सोनोग्राफी पहिल्या तासांत बहुधा काहीच सांगत नाहीत. ‘एवढे काही दिसत नाही, हा उगाच ओरडतो’ असे म्हटले जाते. रुग्ण वृद्ध असेल, नाडी अनियमित असेल, आणि वेदना व तपासणी यांचा मेळ बसत नसेल, तर शिरेतून रंगद्रव्य देऊन रक्तवाहिन्यांचा सी.टी. तातडीने काढणे हाच मार्ग असतो. येथे चित्रच जीव वाचवू शकते. पण कोणते चित्र आणि केव्हा, हे ठरविणारी शंका माणसाच्या डोक्यात आधी यावी लागते.

या साऱ्याच्या मुळाशी एक साधे गणित आहे. उदाहरणादाखल एक चाचणी घ्या. रोग असलेल्या शंभरांपैकी नव्वदांत ती ‘आहे’ म्हणते, आणि रोग नसलेल्या शंभरांपैकी नव्वदांत ‘नाही’ म्हणते. चाचणी चांगलीच म्हणावी लागेल. आता ज्यांच्याविषयी शंका अल्प आहे, अशा शंभर जणांची ती केली. त्यांत रोगी दहाच आहेत. चाचणी नऊ रोगी बरोबर शोधते, पण नव्वद निरोग्यांपैकी नऊ जणांवरही शिक्का मारते. म्हणजे ‘आहे’ असे सांगितलेल्या अठरांपैकी निम्मे निरोगी! उलट, ज्यांचा इतिहास आणि पोट स्पष्टपणे रोगाकडे बोट दाखविते, अशा शंभर जणांत ऐंशी रोगी आहेत असे धरा. चाचणी त्यांतल्या आठांना ‘नाही’ म्हणेल आणि वीस निरोग्यांपैकी अठरांना ‘नाही’ म्हणेल. म्हणजे ‘नाही’ असे सांगितलेल्या सव्वीसांपैकी आठ जण रोगी असतील आणि घरी जातील. चाचणी तीच, यंत्र तेच. अर्थ मात्र बदलला. तो बदलला रुग्णाला आधी विचारलेल्या प्रश्नांमुळे. प्रश्न न विचारता काढलेल्या चित्राचा अर्थ लावता येत नाही, तो या कारणाने.

या गणिताची कसोटी इंग्लंडमधील लीड्स येथे प्रत्यक्ष घेतली गेली. डी डोंबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली तीव्र पोटदुखीच्या ३०४ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या संगणकाला एकही चित्र दाखविले जात नव्हते. दुखणे कोठे, केव्हापासून, कशाने वाढते, उलटी झाली काय, पोट कोठे दुखरे आहे, अशा प्रश्नांची उत्तरे एका ठरावीक तक्त्यात भरून त्याला दिली जात. संगणकाचे निदान ९१.८ टक्के रुग्णांत बरोबर ठरले. सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांचे ७९.६ टक्क्यांत. वर्तमानपत्री मथळा शोधणारा येथे ‘यंत्राने माणसाला हरविले’ असे म्हणेल. पण पुढचे संशोधन अधिक बोधप्रद आहे. १९८६ साली आठ रुग्णालयांतील १६,७३७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तक्ता व संगणक वापरल्यावर डॉक्टरांच्या प्रारंभिक निदानाची अचूकता ४५.६ टक्क्यांवरून ६५.३ टक्क्यांवर गेली. आंत्रपुच्छ फुटण्याचे प्रमाण २३.७ टक्क्यांवरून ११.५ टक्क्यांवर आले. निष्कारण पोट उघडण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले आणि मृत्यूंचे प्रमाण २२ टक्क्यांनी.

या सुधारणेचे सारे श्रेय संगणकाला देता येत नाही. डॉक्टरांना प्रत्येक रुग्णाला तेच प्रश्न न चुकता विचारावे लागत होते, तीच तपासणी पुरी करावी लागत होती, आणि आपले निदान खरे ठरले की खोटे हे त्यांना नंतर कळविले जात होते. शिस्तीने विचारणे आणि चूक कळणे, या दोन गोष्टींनी सुधारणेचा मोठा भाग घडविला. त्यांचा खर्च एका छापील कागदाएवढा आहे. सोनोग्राफीचे यंत्र प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवणे सरकारला जड जाईल. हा कागद ठेवणे जड जाण्याचे कारण नाही.

प्रश्न न विचारल्याने काय निसटते, याची आपल्या भूमीतील सर्वांत करुण उदाहरणे पावसाळ्यात घडतात. मण्यार हा साप रात्री फिरतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो चावला तर दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, खूणही पुष्कळदा सापडत नाही. पहाटे माणूस उठतो तो पोटात कळा आणि उलट्या घेऊन. सोनोग्राफी निर्दोष येते; येणारच, कारण दोष पोटात नसतो. दोन-चार तासांत पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते, आणि श्वास थांबतो. ‘रात्री जमिनीवर झोपला होतास काय?’ हा प्रश्न आणि पापण्यांकडे टाकलेली एक नजर येथे कोणत्याही यंत्राहून मोलाची ठरते. सर्पविषावरील लस आणि कृत्रिम श्वासाची सोय वेळेवर मिळाली तर असा माणूस वाचू शकतो. महाडसारख्या ठिकाणी राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचू आणि सर्पदंशांवर केलेले संशोधन जगाने मानले. त्याचा पाया खाटेजवळ बसून केलेले निरीक्षण हाच होता.

याच पंक्तीत मधुमेहाची विषबाधा येते. तिच्यात, विशेषतः मुलांचे, पोट असे दुखते की शस्त्रक्रियेचा भास व्हावा, आणि रक्तातील साखर व लघवी तपासली तर उलगडा होतो. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलचा झटका पोटदुखीचे रूप घेऊन येतो. ‘घरात कोणाला हा आजार आहे काय?’ एवढे विचारणे पुरेसे असते. आणि सिकलसेल आहे म्हणून दुसरे दुखणे असणारच नाही असे गृहीत न धरणेही तितकेच जरूर असते.

हे प्रश्न का विचारले जात नाहीत? वेळ नाही, गर्दी फार, डॉक्टर थोडे, हे खरेच आहे. त्याखेरीज लाज आणि अंतर ही दोन कारणे आहेत. जांघेतील हर्निया अडकून आतडे मरू लागले तरी म्हातारी बाई लुगड्याच्या निऱ्यांआड ती गाठ झाकून ठेवते आणि पोट दुखते एवढेच सांगते. तपासणाराही निऱ्या सैल करावयास सांगत नाही. वृषणाला पीळ पडलेला कोवळा मुलगा संकोचाने पोटावर हात ठेवतो. सहा तासांच्या आत पीळ सोडविला तर अवयव वाचण्याची आशा मोठी असते; ते तास पोटाच्या सोनोग्राफीच्या रांगेत संपतात. गर्भनलिकेत गर्भ राहून ती फुटली, तर तरुण स्त्री पोटदुखी आणि भोवळ घेऊन येते. पाळी चुकली काय, हा प्रश्न सासू, दीर आणि शेजारी यांच्या देखत विचारला तर खरे उत्तर मिळणार नाही. कुमारिकेला किंवा विधवेला तर तो विचारलाच जात नाही. एकांतात, आदराने विचारलेला एक प्रश्न आणि लघवीची स्वस्त चाचणी येथे प्राण वाचविते. सोनोग्राफी त्यानंतर करावयाची, आणि पोटात रक्त साठत असल्याचे स्पष्ट असेल तर तिच्यासाठी थांबावयाचेही नाही.

आणखी एक जुना समज दूर केला पाहिजे. निदान होईपर्यंत वेदनाशामक देऊ नये, नाहीतर लक्षणे झाकली जातात, असे डॉक्टरांच्या पिढ्यांना शिकविले गेले होते. १९९२ साली ब्रिटनमध्ये शंभर रुग्णांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले, की अफूजन्य वेदनाशामक दिल्याने निदान बिघडत नाही; शांत झालेला रुग्ण उलट अधिक नीट तपासता येतो. तेव्हा गरिबाला विव्हळत ठेवणे हा शास्त्राचा आदेश नाही. अर्थात हे इंजेक्शन तपासणी करणाऱ्या डॉक्टरने, रुग्ण नजरेखाली असताना द्यावयाचे. इंजेक्शन देऊन घरी धाडणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती घातक आहे.

निदान संदिग्ध राहिले तर काय करावे? ॲबर्डीनचे शल्यविशारद पीटर जोन्स यांनी १९७६ साली मुलांच्या पोटदुखीविषयी जागरूक निरीक्षणाची पद्धत मांडली. रुग्णाला दाखल करून घ्यावे, दर दोन-तीन तासांनी शक्यतो त्याच डॉक्टरने पुन्हा पोट पाहावे, नाडी व ताप नोंदवावा. दुखणे सरते की स्थिरावते, हे काळच सांगतो. सुसज्ज रुग्णालयातही या पद्धतीला पर्याय नाही, आणि जेथे यंत्र नाही तेथे तर तीच मुख्य आधार आहे. ज्याचे घर रुग्णालयाशेजारी आहे त्याला ‘बरे वाटले नाही तर परत या’ म्हणून सोडता येते. ज्याच्या गावाला दिवसाकाठी दोनच एस.टी. गाड्या आहेत, ज्याची मजुरी आजच बुडाली आहे, त्याला हे वाक्य सांगणे म्हणजे त्याला परत न येण्याची मुभा देणे होय. म्हणून शंका असलेल्या गरीब रुग्णाला रात्रभर ठेवून घेणे हे दयेचे काम मानण्याचे कारण नाही. तो निदानाचाच भाग आहे.

कार्यकर्त्यांसाठी यातून काही कर्तव्ये उभी राहतात. दुखणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी. कोठे सुरू झाले, कोठे गेले, उलटी आधी की दुखणे आधी, शौच व वायू सरतो काय, लघवी होते काय, हे टिपावे. एरंडेल किंवा दुसरे जुलाबाचे औषध देऊ नये, एनिमा देऊ नये, दुखऱ्या पोटाला चोळणे-मळणे करू नये. डॉक्टरने पाहीपर्यंत खायला देऊ नये. सहा तास होऊनही कळ थांबत नसेल, पोट कठीण लागत असेल, भोवळ येत असेल, पापण्या जड होत असतील, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. सकाळची वाट पाहू नये. रुग्णालयात गेल्यावर ‘आधी सोनोग्राफी करा’ असा आग्रह धरू नये. ‘आधी पोट तपासा’ असा धरावा. चित्राच्या चिठ्ठीवर नुसते ‘पोटदुखी’ न लिहिता दुखण्याची जागा, तास, ताप, पाळी, पूर्वीची शस्त्रक्रिया आणि मनातील शंका लिहावी, अशी विनंती सौजन्याने पण ठामपणे करावी. चित्र पाहणाऱ्या डॉक्टरलाही कोठे निरखून पाहावे हे त्यातूनच कळते. आणि अहवाल निर्दोष आला पण रुग्ण तसाच कण्हत असला, तर त्याला घरी नेऊ नये. कागद आणि पोट यांच्यात विसंवाद असेल तेव्हा पुन्हा तपासावयाचे ते पोट.

चळवळीच्या मागण्यांतही याला स्थान हवे. रुग्णवाहिका, रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि यंत्र यांची मागणी रास्तच आहे. ती सोडावयाची नाही. तिच्या जोडीला प्रत्येक प्राथमिक केंद्रात व ग्रामीण रुग्णालयात पोटदुखीचा मराठी तक्ता असावा, बायांना एकांतात तपासण्याची जागा आणि सोबतीला परिचारिका असावी, पुढे पाठविलेल्या रुग्णाचे अखेर काय झाले हे पाठविणाऱ्या डॉक्टरला लेखी कळविले जावे, या मागण्या कराव्यात. शेवटची मागणी क्षुल्लक वाटेल. पण लीड्सच्या अनुभवाचे सार तिच्यातच आहे. खेड्यातील तरुण डॉक्टरला आपले निदान चुकले हे कधी कळतच नाही. रुग्ण एकतर जिल्ह्याला जातो नाहीतर स्मशानात, आणि डॉक्टर उद्याही तीच चूक करतो. त्याला दोषी ठरविण्यापेक्षा त्याला कळविणे अधिक उपयोगाचे आहे.

गरीब माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची सवय समाजाने फारशी लावून घेतलेली नाही. सावकाराच्या वहीपुढे त्याचा शब्द टिकला नाही, तलाठ्याच्या उताऱ्यापुढे टिकला नाही. आता यंत्राच्या अहवालापुढेही त्याचे कण्हणे टिकत नाही. ‘रिपोर्टमध्ये काही नाही, मग दुखते कसे?’ असे त्यालाच विचारले जाते. या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी रुग्णाची नव्हे. ती विचारणाऱ्याची आहे. आणि ती पार पाडण्यासाठी त्याने रुग्णाच्या खाटेपाशी बसावे, हात धुऊन, ऊब आणून तो त्याच्या पोटावर ठेवावा, आणि तीन तासांनी पुन्हा यावे.